टळलेल्या अपघाताची वर्दी

दिनांक ७ जानेवारी २०२२. बंगळुरूच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सकाळच्या वेळी दोन प्रवासी विमानांनी समांतर अशा दोन धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच सुमारास उड्डाण केले. एक कोलकात्यास निघाले होते, दुसरे भुवनेश्वरला. उड्डाणानंतर दोन्ही विमानांचे मार्ग एकमेकांकडे येऊ लागले. रडारवर लक्ष ठेवून असलेल्या नियंत्रकाच्या ध्यानात ही गोष्ट वेळीच आली, त्याने दोन्ही वैमानिकांना दिशा बदलण्याचा आदेश दिला आणि विमाने एकमेकांपासून दूर झाली. दोन्ही विमानांत मिळून ४२६ माणसे होती. ती सर्व आपापल्या गावी सुखरूप पोहोचली.

त्या सकाळी उड्डाणासाठी एकच धावपट्टी वापरावी, असा निर्णय झाला होता. परंतु तो दुसऱ्या धावपट्टीचे काम पाहणाऱ्या नियंत्रकास कळला नव्हता, असे प्राथमिक तपासात दिसून आले. माणसाच्या हातून चूक होते, हे कोणीही मान्य करील. परंतु या प्रकरणात त्याहूनही चिंताजनक अशी एक गोष्ट पुढे आली. घडल्या प्रकाराची नोंद कोणत्याही नोंदवहीत घेतली गेली नव्हती आणि वरिष्ठ यंत्रणेस ती वेळेवर कळविण्यातही आली नव्हती. सुमारे दोन आठवड्यांनी ही हकीगत जाहीर झाली, तेव्हा चौकशीचा प्रश्न तर आलाच; पण आणखी एक प्रश्न उभा राहिला. ज्यात कोणास खरचटलेही नाही, अशी घटना शासनाच्या सुरक्षा यंत्रणेस कळविणे एवढे महत्त्वाचे का मानले जाते?

या प्रश्नाचे उत्तर विमानवाहतुकीच्या गेल्या काही दशकांच्या अनुभवात आहे.

अपघात आणि गंभीर घटना

बहुतेक राष्ट्रांनी मान्य केलेले नागरी विमानवाहतुकीचे नियम ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेले आहेत. या कराराचे तेरावे परिशिष्ट विमान अपघातांच्या तपासासंबंधी असून ते १९५१ साली प्रथम स्वीकारण्यात आले. उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंतच्या काळात विमानामुळे कोणाचा मृत्यू झाला, कोणास गंभीर दुखापत झाली, विमानाच्या सांगाड्याची मोठी हानी झाली किंवा विमान बेपत्ता झाले, तर या परिशिष्टानुसार तो ‘अपघात’ होय. दुखापत झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आलेला मृत्यूही अपघाती मृत्यू म्हणूनच गणला जातो.

याच परिशिष्टात ‘गंभीर घटना’ अशी दुसरी संज्ञा आहे. जिच्यात अपघात होण्याची दाट शक्यता होती, परंतु तो झाला नाही, ती गंभीर घटना. या दोहोंतील फरक केवळ परिणामाचा आहे, हे परिशिष्टात मुद्दाम स्पष्ट केलेले आहे. कारणे तीच, चुकांची साखळीही तीच. फक्त शेवटची कडी जुळली नाही, एवढेच. दोन विमाने धोकादायकरीत्या जवळ येणे, दुसरे विमान किंवा वाहन उभे असलेल्या धावपट्टीवरून उड्डाण करणे वा तेथे उतरणे, डोंगराशी होणारी टक्कर थोडक्यात चुकणे, विमानात आग लागणे वा धूर होणे, वैमानिकास उड्डाणातच असमर्थता येणे, इंधन इतके कमी होणे की संकटाची घोषणा करावी लागावी, अथवा उतरताना विमान धावपट्टी ओलांडून पुढे जाणे, ही अशा घटनांची ठळक उदाहरणे होत.

मुंबईच्या विमानवाहतुकीच्या इतिहासातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांपासून काही किलोमीटरच्याच अंतरावर असून त्यांच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्यांची दिशाही साधारण सारखीच आहे. १९५३ च्या जुलै महिन्यात सांताक्रूझला उतरावयाचे एक ब्रिटिश कॉमेट जेट विमान चुकून जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरले. कोणास इजा झाली नाही आणि काही दिवसांनी ते विमान तेथूनच उडवून नेण्यात आले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, एका जपानी प्रवासी विमानाच्या वैमानिकाची नेमकी तशीच फसगत झाली. या वेळी विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले व कायमचे निकामी झाले. काही प्रवासी जखमी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. एकाच ठिकाणी एकच चूक दोनदा घडली. पहिल्या वेळी ती ‘घटना’ होती, दुसऱ्या वेळी तिचा ‘अपघात’ झाला.

इशारा पोहोचला नाही, तर

टळलेल्या अपघाताची माहिती सर्वांपर्यंत न पोहोचल्यास काय घडते, याचा धडा अमेरिकेस १९७४ साली मिळाला. त्या वर्षी १ डिसेंबरच्या दिवशी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत असलेले टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७२७ विमान व्हर्जिनिया राज्यातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व, म्हणजे ९२ माणसे, मृत्युमुखी पडली. ‘विमानतळाकडे येण्यास परवानगी आहे’ या नियंत्रकाच्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी एक केला, तर नियंत्रकाच्या मनात दुसराच होता. १८०० फुटांपर्यंत खाली येण्यास आता हरकत नाही, अशी वैमानिकांची समजूत झाली. वाटेत त्याहून उंच डोंगर होता.

चौकशीत असे निष्पन्न झाले की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचीही तेथेच अशीच गैरसमजूत झाली होती व ते थोडक्यात बचावले होते. त्यांनी आपला अनुभव आपल्या कंपनीस प्रामाणिकपणे कळविला होता आणि कंपनीनेही आपल्या सर्व वैमानिकांना सावध केले होते. म्हणजे वर्दी दिली गेली होती. परंतु ती एका कंपनीच्या चार भिंतींतच राहिली. ती इतरांपर्यंत नेणारी कोणतीही राष्ट्रीय व्यवस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती.

या अपघातानंतर १९७५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक यंत्रणेने अशी माहिती स्वतः गोळा करण्यास आरंभ केला. पण जी यंत्रणा परवाना रद्द करू शकते, तिच्याच हाती आपल्या चुकीचा कबुलीजबाब देण्यास वैमानिक कचरू लागले. म्हणून हे काम नासा या अंतराळ संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले. नासाला कोणासही दंड करण्याचा अधिकार नाही. १९७६ पासून आजतागायत ही व्यवस्था चालू असून तिच्याकडे दहा लाखांहून अधिक निवेदने आलेली आहेत. निवेदन करणाऱ्याचे नाव व ओळख पटेल असा सर्व मजकूर काढून टाकल्यानंतरच ती माहिती अभ्यासासाठी खुली केली जाते. मात्र ही ऐच्छिक व्यवस्था आहे. अपघात किंवा गंभीर घटना शासकीय तपास यंत्रणेस तत्काळ कळविण्याचे बंधन तिच्यामुळे संपत नाही. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

भारतातील व्यवस्था

आपल्या देशात विमान अपघाताची सूचना देण्याचे बंधन १९३७ च्या विमान नियमांतही होते. त्या काळी व त्यानंतरही दीर्घकाळ अपघातांचा तपास प्रामुख्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करीत असे. परंतु नियम करणारी, परवाने देणारी आणि देखरेख ठेवणारी यंत्रणा हीच जर तपासही करू लागली, तर तिच्या स्वतःच्या कामातील उणिवा कोण दाखविणार, हा प्रश्न राहतो. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे झालेल्या अपघातात १५८ जणांचे प्राण गेले. या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायालयाचे अध्यक्ष निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले हे होते. नागरी विमानवाहतुकीच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र मंडळ असावे, असे या चौकशी न्यायालयानेही सुचविले. २०१२ साली विमान अपघात व घटनांच्या तपासासंबंधी स्वतंत्र नियम करण्यात आले आणि त्याच वर्षी केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत विमान अपघात तपास विभाग स्थापन झाला. १९३४ च्या जुन्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून त्यातही या विभागास वैधानिक स्थान आहे.

वर्दी कोणी, केव्हा व कोणास द्यावी, याची पद्धत २०१२ च्या नियमांनी घालून दिली. अपघात किंवा गंभीर घटना घडल्यास ती कळविण्याची पहिली जबाबदारी विमानाच्या मुख्य वैमानिकाची. तो मृत वा असमर्थ असल्यास विमानाचा मालक किंवा ते चालविणारी कंपनी, तसेच संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष व विमानतळाचा प्रमुख यांच्यावर ती येते. ही सूचना शक्य तितक्या लवकर, सर्वांत जलद साधनाने आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत तपास विभाग व महासंचालनालय या दोहोंस मिळाली पाहिजे. अपघात भारतात झाला असल्यास जिल्हादंडाधिकारी आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा अधिकारी यांनाही कळविणे आवश्यक ठरविण्यात आले.

या नियमांनी तपासाचा हेतूही नि:संदिग्ध शब्दांत सांगितला आहे. अपघात व घटना टाळणे हाच तपासाचा एकमेव उद्देश असून कोणावर दोष किंवा दायित्व ठरविणे हा नाही.

प्रपत्रात काय विचारले जाते

वर्दीचे प्रपत्र तसे साधे असते. परंतु त्यातील प्रत्येक रकान्यामागे काही कारण आहे. विमानाचा प्रकार, बनावट व नोंदणी चिन्ह ही पहिली माहिती. भारतीय विमानांचे नोंदणी चिन्ह ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होते. या एका चिन्हावरून विमानाचा मालक, त्याचे वय आणि देखभालीचा इतिहास शोधता येतो. विमान ज्या देशात नोंदलेले आहे, ज्या देशातील कंपनी ते चालविते आणि ज्या देशांत त्याचे आरेखन व बांधणी झाली, त्या सर्व देशांना कळविण्याची जबाबदारी घटना जेथे घडली त्या देशावर असते. ती पार पाडण्यासही हाच रकाना उपयोगी पडतो.

दुसरा महत्त्वाचा रकाना दिनांक व वेळेचा. विमानवाहतुकीत जागतिक प्रमाणवेळ वापरतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईत रात्री दोन वाजता घडलेली घटना जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठ वाजताची ठरते. कोणती वेळ लिहिली आहे हे स्पष्ट नसेल, तर रडारची नोंद, संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि वर्दी यांचा मेळ बसत नाही.

त्यानंतर कोठून कोठे जाणारे उड्डाण होते, घटनेचे स्थळ कोणते, विमानात किती माणसे होती, किती मृत वा जखमी झाली, घटनेचे स्वरूप काय आणि विमानाचे किती नुकसान झाले, हे तपशील येतात. घटना का घडली, याचा निष्कर्ष काढणे हे वर्दी देणाऱ्याचे काम नव्हे. काय पाहिले, काय ऐकले आणि काय केले, एवढेच त्याने सांगावयाचे. सर्व माहिती हाती येईपर्यंत वर्दी रोखून धरणे हीदेखील चूकच होय. उरलेला तपशील मागाहून कळविता येतो.

ऑनलाइन वर्दीचे महत्त्व

एके काळी अशी सूचना तारेने जात असे. पुढे दूरध्वनी, टेलेक्स व फॅक्स आले. आता जगातील अनेक देशांत संगणकावरून अथवा भ्रमणध्वनीवरून प्रपत्र भरून ते थेट सुरक्षा यंत्रणेकडे पाठविता येते. युरोपीय संघाने २०१४ साली केलेल्या नियमानुसार, ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळविणे संबंधित व्यक्तींवर बंधनकारक असून त्यासाठी सामाईक ऑनलाइन व्यवस्था आहे. ऑस्ट्रेलियात गंभीर बाब प्रथम दूरध्वनीवरून तातडीने कळवावयाची आणि नंतर ७२ तासांत लेखी माहिती द्यावयाची, अशी पद्धत असून लेखी माहितीसाठी ऑनलाइन प्रपत्राची सोय आहे.

वेगाला येथे इतके महत्त्व का, हे सॅन फ्रान्सिस्को येथील एका घटनेवरून समजते. ७ जुलै २०१७ च्या रात्री टोरांटोहून आलेले एअर कॅनडाचे एक विमान धावपट्टीऐवजी तिच्या शेजारच्या वाहतूकपट्टीच्या रोखाने उतरू लागले. त्या पट्टीवर प्रवाशांनी भरलेली चार विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. जमिनीपासून अवघे साठ फूट उंचीवर आल्यावर हे विमान पुन्हा वर चढले. हजाराहून अधिक माणसांचे प्राण त्या क्षणी धोक्यात होते. परंतु तपास करणाऱ्या राष्ट्रीय मंडळापर्यंत माहिती पोहोचण्यापूर्वीच ते विमान पुढील उड्डाणांसाठी वापरले गेले होते आणि वैमानिक कक्षातील संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुसले गेले होते. बहुतेक विमानांतील हे यंत्र शेवटच्या दोन तासांचेच संभाषण साठविते. नवे मुद्रण जुन्यावर चढत जाते. अपघातात यंत्र बंद पडल्यामुळे मुद्रण आपोआप जपले जाते. टळलेल्या अपघातात मात्र विमान चालूच राहते आणि पुरावा नाहीसा होतो. यास्तव गंभीर घटनेची वर्दी अपघाताच्या वर्दीइतकीच, किंबहुना काही बाबतींत तिच्याहूनही अधिक तातडीची ठरते.

ऑनलाइन पद्धतीचा दुसरा लाभ एकसारखेपणाचा. सर्वांनी एकाच साच्यात व ठरलेल्या संज्ञांत माहिती दिली, की निरनिराळ्या ठिकाणच्या घटनांची तुलना करता येते. एखाद्या विमानतळावर पक्षी आदळण्याच्या तक्रारी वाढत असतील किंवा एखाद्या प्रकारच्या विमानात एकच भाग वारंवार बिघडत असेल, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या कपाटांत विखुरलेल्या कागदांवरून ते दिसणार नाही; एकत्र केलेल्या नोंदींवरून दिसेल. माउंट वेदरच्या वेळी नेमकी हीच सोय नव्हती.

मात्र साधन हे साधनच असते. प्रपत्र पाठविले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे धोक्याचे आहे. गंभीर प्रसंगी दूरध्वनी आधी आणि प्रपत्र नंतर, हाच क्रम योग्य. तसेच आलेली वर्दी वाचणारा, तिची छाननी करणारा आणि तिच्यातून निघालेला इशारा इतरांना देणारा जाणता माणूस पलीकडे नसेल, तर जलद आलेली वर्दीही तितक्याच जलद विस्मरणात जाईल.

भय आणि विश्वास

वर्दी न देण्याचे सर्वांत मोठे कारण अज्ञान हे नाही. ते भय आहे. परवाना निलंबित होईल, बढती अडेल, सहकाऱ्यांत नाचक्की होईल, ही धास्ती माणसास गप्प बसविते. कोणास लागले नाही, मग कशाला वाढवा, ही समजूत तिला साथ देते. म्हणूनच सुरक्षेचा विचार करणाऱ्यांनी न्याय्य वागणुकीचे तत्त्व पुढे आणले आहे. अनुभव व प्रशिक्षण यांस अनुसरून केलेल्या कामात नकळत झालेल्या चुकीबद्दल, ती स्वतः होऊन सांगणाऱ्यास शिक्षा होऊ नये. परंतु जाणूनबुजून केलेले नियमभंग, घोर निष्काळजीपणा किंवा मद्यपान करून केलेले काम यांस या तत्त्वाचे संरक्षण मिळत नाही.

या दोहोंतील सीमारेषा आखणे सोपे नाही. मोठ्या अपघातानंतर जनतेचा क्षोभ साहजिक असतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे दगावली. ज्यांची माणसे गेली, त्यांनी जबाबदार कोण, असे विचारणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी न्यायालये आहेत. सुरक्षा तपासाचे काम वेगळे आहे. तेच पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, हे त्यास शोधावयाचे असते. हे दोन मार्ग एकमेकांत मिसळले, तर पुढचा वैमानिक वा नियंत्रक बोलण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेईल आणि इशारा पुन्हा चार भिंतींतच राहील.

जिल्हा प्रशासनाचे काम

हा विषय केवळ वैमानिकांचा व केंद्रीय कार्यालयांचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई, पुणे, नागपूर या जुन्या विमानतळांना महाराष्ट्रात आता नवी मुंबईची जोड मिळाली आहे. राज्यात वैमानिकांचे प्रशिक्षणही चालते. प्रशिक्षणाचे लहान विमान एखाद्या शेतात उतरले, तर तेथे प्रथम पोहोचतात ते गावकरी, पोलीस पाटील आणि ठाण्याचे शिपाई.

अशा वेळी माणसांचे प्राण वाचविणे व आग विझविणे हे पहिले कर्तव्य होय. त्यानंतर मात्र विमानाचा सांगाडा, विखुरलेले तुकडे व जमिनीवरील खुणा जशाच्या तशा राखणे आवश्यक असते. माणसांची सुटका करणे, आग रोखणे किंवा लोकांस असलेला धोका दूर करणे, अशा कारणांखेरीज विमान हलवू नये, असे नियम सांगतात. कोणी नेलेला एखादा लहानसा तुकडाही तपासातील नेमका दुवा असू शकतो. घटनास्थळ राखणे आणि जिल्हा नियंत्रण कक्षास तत्काळ कळविणे, एवढे जरी गावाने केले, तरी तपासास मोलाची मदत होते.

बंगळुरूच्या आकाशात त्या सकाळी ४२६ माणसे वाचली, ती एका नियंत्रकाच्या सावध नजरेमुळे. पण तेवढ्यावर ती घटना संपत नव्हती. धावपट्टीसंबंधीचा निर्णय एका मनोऱ्यापर्यंत का पोहोचला नाही, हे त्याच दिवशी लिहून कळविले गेले असते, तर देशातील प्रत्येक नियंत्रण कक्षास तो धडा त्याच आठवड्यात मिळू शकला असता. अपघात आपला धडा माणसांच्या प्राणांची किंमत घेऊन शिकवितो. टळलेला अपघात तोच धडा कोणाचाही प्राण न घेता पुढे ठेवतो. त्यासाठी लागते ती वेळेवर आणि न भिता दिलेली वर्दी.